अर्धा कोयता

दिवाळी झाली की शहादा-तळोद्याकडची सातपुड्याच्या पायथ्याची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं चढतात आणि टोळ्या ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला निघतात. मी सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची समुपदेशक, त्यामुळे ट्रक हलायच्या आत मला बरंच काही उरकावं लागतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात हो, पण गोळी खाणारं पोरच गुजरातेत असलं तर काय करायचं?

त्या दिवशी वॉर्डात तिसरीतली एक मुलगी होती. हातपाय ठणकतात म्हणून रात्रभर विव्हळलेली, सलाईन आणि इंजेक्शनवर सकाळी जरा शांत झालेली. हा ठणका थंडी, ताप, अंगमेहनत, पाणी कमी पडणं यांनी उसळतो. पहाटेच्या उसाच्या फडात यातलं काय नसतं? राउंडला डॉक्टर म्हणाले, "हिला फडावर न्यायचं नाही," आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्यांचं बरोबरच होतं. पण आईबापांनी उचल घेतलेली होती आणि ट्रक परवा निघणार होता.

खाटेशी आजीचं चालूच होतं, "हाऊ रोग हिना मायघरना शे. आमना घरमा कोनले नई." सून मुकाट्याने पोरीचे पाय चोळत होती. आईबाप दोघांचे रिपोर्ट माझ्या फाईलमध्ये होते. दोघंही वाहक, म्हणजे एएस. स्वतः आजारी नाहीत, पण आजार पोरांना देऊ शकतात. आता ही अक्षरं आजीपुढे नाचवून काय उपयोग?

माझ्या पर्समध्ये मक्याचे दाणे असतात. एक पिवळा, एक पांढरा असे मी बापाच्या मुठीत दिले, तसेच आईच्या. पांढरा दाणा आजाराचा, पिवळा चांगला. म्हटलं, "आजी, डोळे मिटा आणि दोघांच्या मुठीतून एकेक दाणा काढा. दोन्ही पांढरे आले तर पोर आजारी." पहिल्यांदा पिवळा-पांढरा आला. दाणे परत मुठीत. मग दोन्ही पिवळे. मग आले दोन्ही पांढरे. आजीने ते तळहातावर उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "यामा एक मना पोऱ्याना?"

"हो आजी, एक तुमच्याच मुलाच्या मुठीतला."

बाप काही बोलला नाही. सुनेने मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

दाणे परत मुठीत टाकायचे, हे मी मुद्दाम करते. वाहक आईबापांचं "चारात एक पोर आजारी" असं ऐकलं की लोक धरून चालतात, एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं. दर बाळंतपणाला डाव नव्याने मांडला जातो.

मग मुकादमाला फोन. उचल पूर्ण कोयत्याची होती. नवराबायको मिळून एक कोयता. बायको मागे राहिली की अर्धा, आणि उचलीचा हिशोब फिटता फिटत नाही. "मॅडम, मीपण वरून पैसे घेऊन बसलोय," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

शेवटी आजीच म्हणाली, "मी ऱ्हासू हिनाजोडे." ऐकायला सोपं वाटतं. पण दरवर्षी फडावर धाकट्या नातवाला तीच सांभाळते. आता तो दीड वर्षाचा पोर बांधावरच्या झोळीत राहणार. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपार कागदांत गेली. ठणका कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल, फॉलिक ॲसिड, रक्ततपासणीची तारीख. ताप आला, धाप लागली किंवा डाव्या कुशीत पोट फुगलं तर दिवस उजाडायची वाट बघायची नाही, हे आजीकडून पुन्हापुन्हा वदवून घेतलं. सिकलसेलच्या रुग्णाला साध्या एसटीत तिकीट लागत नाही आणि 2023 पासून बायकांना अर्धंच तिकीट, त्यामुळे दवाखान्याची फेरी आजीला परवडणारी आहे. फक्त सगळ्या कंडक्टरांना हे ठाऊक नसतं, म्हणून सवलतीच्या आदेशाची झेरॉक्स तिच्या पिशवीत घातली. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्जही भरून ठेवला. 2016 च्या कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, पण हे दहातल्या नऊ घरांना आम्हीच पहिल्यांदा सांगतो.

निघताना आजीने मला थांबवलं. "मना धाकलाना पोरेसलेबी तपासी टाक."

धाकट्याची टोळी आदल्याच आठवड्यात गेली होती. होळीला सगळे परत येतात. त्या आठवड्यातलं गावातलं तपासणी शिबिर मी तेव्हाच डायरीत लिहून घेतलं.