जीएसएमचा तिसरा आकडा

टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलचे पाच गोल तुकडे कटरने कापले आणि काट्यावर वजनं आली ४.३८, ४.३९, ४.३७, ४.३८, ४.३८ ग्रॅम. कटर १०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणून गुणिले १००: जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ४३८. पार्टीची, म्हणजे माल घेणाऱ्याची, मागणी ४५० ची. आकडे इतके चिकटून आले म्हटल्यावर माल हलका ठरवून लोक मोकळे होतात.

पण आकडे चिकटून येणं ही झाली परिशुद्धता. ते खऱ्या किमतीजवळ आहेत का, हा अचूकतेचा प्रश्न वेगळा, आणि तो पुन्हा पुन्हा मोजून सुटत नाही. पाचाऐवजी पन्नास तुकडे कापा. चूक सगळ्यांत सारखीच असेल तर सरासरीतही ती तशीच उतरणार.

सोलापुरात पहिला संशय हवेवर घ्यावा. आपल्याकडे कापड तपासणीचं प्रमाणित वातावरण २७ ± २ अंश सेल्सिअस आणि ६५ ± २ टक्के आर्द्रता असं आहे. सुती मालात कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा व्यापारात धरला जातो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो समजा ५ टक्क्यांवर आला. ४५० ला १.०८५ ने भागलं की कोरडं वजन ४१५ च्या आसपास, त्याला १.०५ ने गुणलं की ४३५. सूत तेवढंच आहे, तरी जवळजवळ १५ जीएसएम गेले. तोच टॉवेल पावसाळ्यात पुन्हा भरतो. म्हणून नमुना प्रमाणित वातावरणात, वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. ती सोय नसेल तर निदान तापमान आणि आर्द्रता रिपोर्टवर लिहायची. हे कुणी लिहीत नाही, आणि मग भांडण मात्र विणकराशी.

दुसरा संशय कटरवर. १०० चौरस सेंटिमीटरच्या वर्तुळाचा व्यास ११२.८ मिलिमीटर भरतो. कटरने जाड कागद कापा आणि व्हर्नियरने तीन-चार दिशांनी व्यास मोजा. ११२.० आला तर क्षेत्रफळ दीड टक्का कमी, म्हणजे ४५० चा माल ४४३ दाखवणार. टेरीत आणखी एक भानगड असते: पातं बोथट झालं किंवा खालचं पॅड झिजलं की कडेचे लूप ओढले जातात, तुटके धागे टेबलावर गळतात. ते वेचून तुकड्याबरोबरच पारड्यात टाकायचे.

काट्याचं थोडक्यात: लेव्हलचा बुडबुडा मधोमध, शून्य तपासलेलं, ५ ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून पाहिलेलं, आणि पंखा बंद. उन्हाळ्यात हे शेवटचं जिवावर येतं, पण वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो. तोच तुकडा पाच वेळा ठेवा. फरक पडला तर दोष काट्याचा किंवा वाऱ्याचा. वेगवेगळ्या जागच्या तुकड्यांत पडणारा फरक बहुधा कापडाचाच असतो.

आता सार्थक अंक, म्हणजे मोजमापातून खरोखर मिळालेले अंक. काट्याचं लघुतम माप ०.०१ ग्रॅम असेल तर ४.५० लिहायचं, ४.५ नव्हे, तो शून्य मोजलेला आहे. उलट तीन तुकड्यांची सरासरी कॅल्क्युलेटर ४३७.६६६७ दाखवतो, तिथे ४३८ वर थांबायचं. काट्याचा एक टप्पाच १ जीएसएमचा आहे, दशांश आणणार कुठून?

अख्खा टॉवेल मोजताना तर गंमतच होते. ७५ × १५० सेंटिमीटर, वजन ५०६ ग्रॅम, भागाकार ४४९.७७८. पण टेरीची कड मऊ असते, टेप दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतोच. ७५ मध्ये अर्धा म्हणजे ०.७ टक्के, १५० मध्ये ०.३, मिळून १ टक्का. काटा कितीही भारी आणला तरी उत्तर ४५० ± ५ च राहणार, कारण कच्चा दुवा टेप आहे.

शिवाय अख्ख्या टॉवेलात बिनलूपची बॉर्डर आणि दुमडून शिवलेल्या कडा येतात, कटरचा तुकडा मात्र मधल्या लूपच्या भागातला. या दोन जीएसएममध्ये फरक निघाला तर त्याला चूक म्हणू नये. कोणत्या पद्धतीचा आकडा धरायचा, ते ऑर्डर घेतानाच पार्टीकडून लिहून घ्यावं.