रेम्ब्रांटसमोर

आज लंडनच्या केनवूड हाउसमध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटचे, मागे दोन वर्तुळे असलेले आत्मचित्र पाहिले आणि तिथून पाय निघेना. १६६५ ते १६६९ च्या दरम्यानचे, म्हणजे त्याच्या अखेरच्या वर्षांतले हे काम. १६५६ मध्ये दिवाळे निघाल्यावर घरासकट सारा संग्रह विकावा लागलेला आणि १६६३ मध्ये सहचारिणी हेन्ड्रिक्येलाही गमावलेला हा माणूस इथे कुणाकडेही दयेची याचना करत नाही. तो ताठ उभा राहून आपल्याला निरखतो.

जवळ गेल्यावर दिसते, की डोक्यावरची टोपी म्हणजे पांढऱ्या रंगाचे मोजके, जाड फटकारे आहेत, मिशीचे केस ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने ओरखडून काढले आहेत आणि रंगपाटी धरलेला हात तर जेमतेम सुचवून सोडला आहे. हे अपुरेपण मला उणीव वाटत नाही, कारण त्यामुळेच नजर पुन्हा पुन्हा त्या थकलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे वळते. मागच्या वर्तुळांचा अर्थ लावण्यात अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला मात्र ती त्याच्या भारदस्त देहाला तोलून धरणारी वाटली, आणि तेवढे कारण मला पुरेसे आहे.