इंग्लंडमधल्या हेरफर्डचा तेराव्या शतकातला जग-नकाशा बघायला जाणार असाल तर

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून हेरफर्डला थेट गाडी मिळते, साधारण तीन तासांची. अशा गाड्या दिवसभरात मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. नकाशा जिथे ठेवलाय त्या कॅथेड्रलपर्यंत स्टेशनवरून सहज चालत जाता येतं. नकाशाच्या दालनाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

सुमारे १३०० सालचा हा नकाशा वासराच्या एकाच कातड्यावर काढलाय. उंची दीड मीटरहून जास्त. दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. डोळे सरावेपर्यंत थांबा. नाहीतर तपकिरी डागांपलीकडे काही दिसणार नाही.

वरची दिशा इथे पूर्व आहे. सुरुवात मधोमध, जेरुसलेमपासून करा. वर्तुळ काढताना रोवलेल्या कंपासचं भोक तिथे अजून आहे. खाली भूमध्य समुद्र, डावीकडे तळाशी दाटीवाटीनं बसवलेली ब्रिटिश बेटं. त्यांत हेरफर्ड शोधा. शेकडो वर्षं बोटं टेकवून लोकांनी ते जवळजवळ पुसून टाकलंय. आपला भारत पार वरच्या अंगाला, बायबलमधल्या एडन बागेच्या शेजारी: पाठीवर लाकडी बुरूज घेतलेला हत्ती, आणि स्वतःच्या प्रचंड पावलाची सावली डोक्यावर धरून पडलेला एकपायी माणूस!

‘किती चुकीचा नकाशा’ म्हणून पुढे सरकू नका, ही माझी कळकळीची विनंती. (चूक आहेच: सोनेरी अक्षरांतली युरोप आणि आफ्रिका ही नावं अदलाबदल झालीत.) वाट शोधायला हा काढलेलाच नाही. बायबलमधली नोहाची नौका आणि मागे वळून बघणारी लोटची बायको, ग्रीक कथांमधला क्रीट बेटाचा चक्रव्यूह, शेकडो नगरं असं जे जे माहीत होतं, ते ते ज्याच्या त्याच्या जागी मांडलंय. काळसुद्धा इथे भूगोलातच राहतो. खालच्या कोपऱ्यात रोमन सम्राट ऑगस्टस जग मोजायचा हुकूम देतोय, माथ्यावर अंतिम न्यायाचा दिवस उजाडलाय. जर्मनीतल्या एब्स्टॉर्फचा असाच, पण याहून कितीतरी मोठा नकाशा १९४३च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. म्हणून याचं मोल आणखी वाढतं.

मजकूर लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमध्ये आहे, त्यामुळे घरूनच इंटरनेटवरच्या मोठ्या प्रतिमेत चार-पाच चित्रं हेरून जा. नकाशाच्याच तिकिटात साखळ्यांनी बांधलेल्या ग्रंथांचं जुनं ग्रंथालयही बघायला मिळतं. त्यालाही वेळ राखून ठेवा.