शोधायला तीन मिनिटं, खणायला सहा

गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर मी स्की-गाइडचं काम करतो. गोंडोला, म्हणजे केबल कार, तिथे जवळजवळ ३,९८० मीटरपर्यंत नेतो. त्या दिवशी आखलेल्या वाटेबाहेर, नव्या बर्फावर उतरत होतो. चार पाहुणे, मी आणि तंगमर्गचा माझा जोडीदार. एकेक जण उतरत असताना तिसऱ्याच्या वरचा बर्फाचा अख्खा थर सुटला, हिमस्खलन झालं. तो पडला, एकदा हात दिसला, मग नुसता पांढरा लोट.

"सब बीकन सर्च पे डालो!" जोडीदार ओरडला. बीकन म्हणजे प्रत्येकाच्या अंगावरचं छोटं यंत्र, एरवी रेडिओ संदेश सोडणारं आणि सर्चवर टाकलं की दुसऱ्याचा संदेश शोधणारं. हे आधी करावं लागतं, कारण कुणा एकाचंही यंत्र संदेश सोडत राहिलं तर बाकीचे त्यालाच शोधत बसतात. वर आणखी काही सुटण्यासारखं दिसत नव्हतं. तो जिथे शेवटचा दिसला होता, तिथून खाली मी निघालो.

सगळी बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं यंत्र दुसऱ्याला ऐकू येतं. पस्तीसचा आकडा उमटला, म्हणजे अंदाजे तितके मीटर. बाण डावीकडे वळवत होता आणि मन म्हणत होतं, सरळ जा. पण चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वाकड्या असतात, बाणही त्याच वाटेने नेतो. मी बाणाचं ऐकलं. आकडा तीनवर आला तसा गुडघ्यांवर बसलो, यंत्र बर्फाला टेकवलं आणि सावकाश आडवं-उभं फिरवलं. सर्वात कमी आकडा १.१.

तिथे प्रोब, म्हणजे बर्फात चाचपायची लांब काठी, उताराला काटकोनात खुपसली. नाही. वीतभर बाजूला, नाही. तिसऱ्यांदा टोक मऊशा कशावर तरी अडलं. प्रोब तशीच रोवून ठेवली.

खरी लढाई इथून सुरू झाली. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हाताने उकरता येत नाही. शिवाय सरळ वरून खणलं तर आपलंच वजन त्याच्या छातीवर. म्हणून प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवं शिरलो. एक जण पुढे फोडतोय, मागचे बर्फ खाली लोटताहेत. पुढचा दमला की जागा बदलायची. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. त्यानंतर गुदमरून जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. हे ठाऊक असलं की हात थांबत नाहीत.

आधी हेल्मेट दिसलं. तोंडात बर्फ कोंबला होता, तो जोडीदाराने बोटांनी काढला. ओठ निळे. छातीवरचा बर्फ मोकळा केला आणि त्याने कण्हत श्वास घेतला. मग त्याला आडवंच ठेवून, गुंडाळून, स्लेजवरून खाली नेलं.

आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर आता हिवाळ्यात हिमालयात येतात. बीकन भाड्याने घेतात, फावडं मात्र ओझं म्हणून खोलीवर ठेवतात. ते बघून माझा जीव तुटतो.

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "किती वेळ होतो मी आत?"

"नऊ मिनिटं," मी सांगितलं. "त्यातली सहा खणण्यात गेली."