नाव पुकारेपर्यंतचा दीड तास

सव्वातीनला माझं नाव घेणार होते. माईकसमोर उभी राहिले तेव्हा पावणेपाच वाजले होते. तो दीड तास मी अजून विसरलेली नाही आणि आयोजकांना माफही केलेलं नाही.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. नागपुरात सिव्हिल लाइन्सला कार्यक्रम होता, मला पाच मिनिटं बोलायचं होतं. नववीत स्टेजवर वाक्य अडकलं तेव्हापासून मी माईक टाळत आले होते. म्हणून डिसेंबरपासून एका टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे लोकांपुढे बोलायचा सराव करणाऱ्या गटात, जायला लागले. तिथे ऐनवेळी विषय देतात, एका मिनिटाला हिरवी खूण, दोनला लाल. शिवाय रोज सकाळी अंबाझरी तलावावर फिरताना मोठ्याने बोलायचे. तयारी चोख होती.

आणि मग ते बसणं. आम्हा सातही वक्त्यांना मंचावर ओळीत बसवलं, समोर भरलेलं सभागृह, आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. "ताई, सर येऊनच राहिले, पाचच मिनिटं." दर दहा मिनिटांनी हेच. प्रत्येक वेळी छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, तळहात ओले व्हायचे. ॲड्रेनलिन शरीराला पळायला तयार करतं आणि आपण मात्र खुर्चीत हसऱ्या चेहऱ्याने बसलेलो. असं एकदा झालं तर आवाजाला धार येते. मला सात-आठ वेळा झालं. मधेच क्रम बदलला, मी दुसरीची पाचवी झाले, तेही कुणी सांगितलं नाही. वक्त्याला असं लोकांपुढे ताटकळत ठेवू नये, हे मी आजही तावातावाने सांगते. त्यात मी दोन कप चहा घेतला. तो घेऊ नका, धडधड वाढते. साधं पाणी प्या, घोट-घोट.

शेवटी कुणाला न विचारता उठले. विंगेत भिंतीला टेकून चार मोजत श्वास घेतला, आठ मोजत सोडला. सोडायला जास्त वेळ लावला की ठोके मंदावतात. पाच मिनिटांत हात कोरडे झाले. हे आधीच करायला हवं होतं, परवानगीची वाट पाहत बसले.

हातात कागद नव्हता, जाड कार्ड होतं. कागद थरथरला की मागच्या रांगेलाही दिसतो. आणि हो, पाठ फक्त पहिली दोन वाक्यं केली होती, बाकी नुसते मुद्दे. पहिलं मिनिटच कठीण असतं, ते पाठांतराने निभतं. माझं पहिलं वाक्य होतं, "आमच्या घरी 'काय करतेस' कोणी विचारत नाही, 'काय करून राहिली' विचारतात." सभागृह हसलं आणि घसा मोकळा झाला. पुढचं सगळं सरळ गेलं.

पुढच्या वर्षासाठी आयोजकांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: पाहुणे येईपर्यंत वक्त्यांना खाली बसू द्या, आणि क्रम बदलला तर सांगा. दुसरी मान्य झाली. पहिलीसाठी पुन्हा जाणार आहे.