आमची वाटचाल : वळलेल्या पानांचं दुकान

माझी आजी सोलापुरात घरी बसून विड्या वळायची. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू यायचा, रात्री पानं भिजत पडायची, सकाळी कात्री आणि सूप घेऊन ती बसायची. मजुरी हजार विड्यांमागे. आता मी फ्लोरिडातल्या टँपा शहरात सिगारचं दुकान चालवतो. गावात कोणी विचारलं तर आई "मुलाचं अमेरिकेत दुकान आहे" एवढंच सांगते. कसलं, ते सांगत नाही.

२०११ साली मी नोकरी सोडली आणि एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थांकडून हे दुकान घेतलं. तोवर सिगार तोंडाला लावलेला नव्हता. टँपा मात्र सिगारचंच गाव. विसेंते मार्टिनेझ इबोर या कारखानदाराने १८८५-८६ च्या सुमारास आपला धंदा ‘की वेस्ट’ या बेटावरून इथे हलवला आणि त्याच्या नावाची इबोर सिटी वसली. तिथल्या कारखान्यांत सिगार वळणाऱ्यांना एक वाचक उंच चौथऱ्यावर बसून वर्तमानपत्रं नि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार कामगार वर्गणी काढून द्यायचे. १९३१ साली मालकांनी ते बंद करून रेडिओ आणले. आजीला असा वाचक नव्हता. शेजारणी होत्या, पण गल्लीपुरत्या बातम्या त्यांच्याकडे जास्त ताज्या असत.

पहिल्या वर्षीची एक चूक अजून सलते. आपल्याकडे मूल झालं की पेढे वाटतात, इथे बापाने सिगार वाटायची जुनी रीत आहे. असाच एक नवा बाप आला, कधी न ओढलेला. महाग ते चांगलं या हिशोबाने मी त्याला निकाराग्वाचा जाडजूड, कडक सिगार दिला. त्याने दुकानातच खुर्चीत बसून पेटवला. पोटात सकाळपासून फक्त कॉफी. दहा मिनिटांत गडी पांढराफटक, कपाळावर घाम. बायकोने मागच्या खोलीतून साखरपाणी आणलं, तेव्हा तो जरा सावरला. पैसे देऊन गेला, पण परत कधी आला नाही.

त्यानंतर मी शिकायला लागलो. संध्याकाळी दुकानात बसणारे एक म्हातारे क्युबन कारागीर माझे गुरू. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे तंबाखूची तीन पानं ठेवली. झाडाच्या तळाचं पान वोलादो, ते नीट जळतं. मधलं सेको, त्याला वास. शेंड्याचं लिहेरो, ऊन खाऊन जाड झालेलं, सगळा कडकपणा त्यात. कडक सिगार म्हणजे आत लिहेरो जास्त. बाहेरच्या रंगावर जाऊ नका, हे मी आजही प्रत्येक नवख्याला सांगतो. काळपट मादुरो हे पान जास्त काळ आंबवल्याने काळं होतं, पुष्कळदा चवीला गोडसरच लागतं.

मग नवख्याला द्यायचं काय? मी कनेक्टिकट शेड पानात गुंडाळलेला, डोमिनिकन रिपब्लिकचा सौम्य सिगार देतो. हे पान कापडी मांडवाच्या सावलीत वाढवतात, म्हणून पातळ आणि फिकट. मॅकानुडो कॅफे हा एक सरळ, बिनधोक पर्याय. माझा स्वतःचा कल शातो फुएंतेकडे: साडेचार इंच लांब, जाडीला ५० रिंगचा (एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग), लाकडाच्या पातळ सालीत गुंडाळलेला. तो बनवणाऱ्या आर्तुरो फुएंतेचा धंदा १९१२ साली इथेच वेस्ट टँपात सुरू झाला, त्यामुळे थोडा गावाचा अभिमानही आहे म्हणा. सात-आठ इंची सिगार मी पहिल्या दिवशी विकत नाही. अर्ध्यावर कंटाळून टाकून देतात.

ओढण्याचं तंत्र दोन वाक्यांचं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, घाई केली की सिगार तापतो आणि कडू होतो.

"क्युबन आहे का?" हा प्रश्न रोज येतो. नाही. अध्यक्ष केनेडींनी १९६२ साली क्युबाच्या मालावर घातलेली बंदी अजून आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर काचेच्या झाकणाच्या पेटीतून कोणी विकत असेल तर तो माल नकली समजा.

२०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळ आलं. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. ह्युमिडॉरची, म्हणजे सिगार दमट हवेत ठेवायची, खोली तापली आणि तंबाखूच्या किड्याची अंडी फुटली. सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. आठ पेट्या फेकल्या. त्या रात्री बायको फक्त एवढंच म्हणाली, "तांदळाला लागते तशी कीड लागली म्हणायची." आता आलेला माल आधी डीप फ्रीझरमध्ये जातो, मग फ्रीजमध्ये, मग खोलीत. खोलीला आतून स्पॅनिश सीडर लावलंय. नाव सीडर असलं तरी तो देवदार नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड.

नियमही बदलले. २०१६ पासून काही वर्षं फुकट चवीला द्यायचं बंद होतं, २०१९ च्या डिसेंबरात वयाची अट २१ वर गेली. पहिल्याने धंदा थोडा दुखला. दुसऱ्याबद्दल तक्रार नाही, मलाही मुलगा आहे.

मंडळाच्या गणपतीत ओळखीची मुलं विचारतात, "काका, सुरुवात कशाने करू?" जे काहीच ओढत नाहीत त्यांना मी सांगतो, करूच नका. धूर छातीत न घेताही तोंडाचा कर्करोग होतो. हे ऐकून निम्मे हसून निघून जातात. बायको म्हणते, असा दुकानदार तिने दुसरा पाहिला नाही. उरलेल्यांना एकच सिगार मिळतो, पेटी नाही.

दुकान सोमवारी बंद असतं. पहिल्यांदाच येणार असाल, तर जेवून या.