सहा मुठी आणि एक टेम्प्लेट

आमचा पाच-सहा जणांचा गट दर हिवाळ्यात कोकणात गरवायला जातो. जिताडा मासा गळाला लागला की रॉडची मूठ हातात कशी बसते ते लगेच कळतं. माझ्या रॉडची मूठ मी स्वतः कातलेली. अंगठ्याखाली खोलगट, मागे जरा फुगीर. सगळ्यांना तशीच हवी झाली. हाताने दोन करून पाहिल्या. दोन्ही चांगल्या झाल्या, पण एकीसारखी दुसरी नव्हती. म्हणून लाकूड फिरवत कातायच्या लेथवर डुप्लिकेटर, म्हणजे एकाच आकाराच्या नकला काढणारी जोडणी, बसवायचं ठरवलं.

यंत्र तसं सोपं. लेथला समांतर एक सरकपट्टी, तिच्यावर मागेपुढे आणि डावी-उजवीकडे सरकणारी गाडी. गाडीवर पुढे कटर, खाली पिन. पिन टेम्प्लेटच्या कडेवरून फिरते आणि कटर तोच आकार लेथवर फिरणाऱ्या तुकड्यावर उतरवतो. टेम्प्लेट मी सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचं कापलं आणि त्याची कड घासण्यात एक अख्खा रविवार घालवला. कडेवर राहिलेला बारीकसा खड्डा सहाही मुठींवर उमटणार होता.

रीलखाली येणारी शिसवीची नळी आधी केली. टोकदार टूल, तशीच टोकदार पिन, टूलचं टोक बरोबर सेंटरच्या, म्हणजे तुकडा ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिच्या, उंचीला. एका वेळी अर्धा मिलिमीटर, आणि नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलट गेलं की लाकडाच्या रेषा उचकटतात. त्या कामाला फार वेळ लागला नाही.

खरी परीक्षा कॉर्कची, कारण हातात येणारी मूठ त्याचीच. अर्धा इंच जाडीच्या रिंगा पाव इंची आट्यांच्या सळईवर ओवायच्या. सळईला आधी मेणबत्ती चोळायची, म्हणजे डिंक धरत नाही. दोन रिंगांमध्ये डिंकाचा थर पातळच हवा. कॉर्क घासला जातो आणि वाळलेला डिंक कडक राहतो, त्यामुळे जाड थराची कडी बोटाला लागत राहते. दोन्हीकडून वॉशर-नट लावायचे, पण रिंगा चेपेपर्यंत आवळायचे नाहीत. एक दिवस हात लावायचा नाही.

पहिल्या मुठीवर मी लाकूड कातायचंच टूल चालवलं. तिसऱ्या रिंगेतून शेंगदाण्याएवढा तुकडा उडाला. कॉर्क म्हणजे झाडाची साल. पोर्तुगालमध्ये दर नऊ वर्षांनी ती सोलतात, झाड तोडत नाहीत. तिला लाकडासारखे तंतू नसतात, हवेने भरलेल्या पेशी असतात आणि मधूनमधून कडक, तपकिरी भेगा. टूल मऊ भागात दबतं आणि भेगेपाशी आलं की तुकडाच ओढून काढतं. कॉर्क कापायचा नाही, घासायचा.

मग टूल काढून तिथे छोटा हँडग्राइंडर बांधला. त्यावर अर्धा इंच व्यासाचा पॉलिश पेपरचा ड्रम, उभा. मूठ गुळगुळीत झाली, पण आकार बिघडला: अंगठ्याची खोलगट जागा पसरट आणि शेजारचा फुगा बारीक. अर्धा तास टेम्प्लेट आणि मूठ शेजारी ठेवून बघत बसलो तेव्हा उमगलं. पिन अजून टोकदारच होती. ड्रम गोल असल्यामुळे उतारावर तो मधल्या रेषेवर न टेकता तिच्या बाजूला टेकतो आणि जास्तीचं खातो. पिनही अर्ध्या इंचाची गोल हवी! एका बोल्टचं डोकं उडवून तो तेवढ्या व्यासाचा कातला, पिनच्या जागी बसवला आणि आकार जसाच्या तसा उतरला. पेपर झिजला की मूठ केसभर जाड येते, म्हणून तो दोन मुठींनंतर बदलत गेलो.

मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड ठेवून बाकीचं हाताने उतरवलं. आधी १२० नंबरचा पेपर, मग २२०, शेवटी ४००. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते. पण झाडून फेकू नका. तीच धूळ डिंकात कालवून मी मुठींवरचे खड्डे भरले. वाळल्यावर पुन्हा एक हात ४०० चा.

सहाव्या मुठीवर अंगठा ठेवला आणि डोळे मिटून माझी जुनी मूठ दुसऱ्या हातात धरली. दोन्ही हातांना सारखंच लागलं.